आकाशातून आलेल्या दगडाचा पंचनामा

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचनामा हा शब्द आपणां सर्वांच्या रोजच्या व्यवहारातला आहे. गारपीट झाली, गोठा जळाला, विहीर खचली की तलाठी येतात, चार पंच बोलावले जातात आणि जे दिसले ते कागदावर उतरते. आज मी ज्या पंचनाम्याविषयी बोलणार आहे तो आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात एकदाही करावा लागणार नाही. परंतु ज्या एखाद्या गावावर तो करण्याची वेळ येईल, त्या गावाला पूर्वसूचना मिळणार नाही, आणि पहिल्या दोन दिवसांत जे होईल किंवा होणार नाही, ते नंतर कोणत्याही प्रयोगशाळेला भरून काढता येणार नाही. म्हणून हा विषय निवडला.

दिनांक २२ मे २०१२ रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरावर आकाशात एक मोठी उल्का फुटली. स्फोटासारखे आवाज झाले. मे महिन्याच्या उन्हात लोक घराघरांत विसावलेले असताना काळ्या सालीचे दगड खाली आले. त्यांतील एक तर एका घराचे छप्पर भेदून आत पडला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नागपूर येथील अधिकाऱ्यांनी तुकडे गोळा केले. या वर्षावाचे नोंदले गेलेले एकूण वजन सुमारे १३ किलोग्रॅम आहे. ज्वारीच्या एका लहान पोत्याइतकेही नाही! पण या तेरा किलोंनी पुढे काय सांगितले ते ऐकण्यासारखे आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे.

आधी शब्दांचा थोडा उलगडा करतो. रात्री तारा तुटला असे आपण म्हणतो तेव्हा तारा मुळीच तुटलेला नसतो. अवकाशातील खडा पृथ्वीच्या वातावरणात शिरतो, त्याचा वेग सेकंदाला अकरा किलोमीटरपासून बहात्तर किलोमीटरपर्यंत असू शकतो, आणि त्या वेगामुळे समोरची हवा दाबली जाऊन इतकी तापते की खडा उजळतो व झिजून संपतो. ही उल्का. खडा मोठा असेल तर त्याचा प्रकाश शुक्राच्या चांदणीहूनही प्रखर होतो. त्याला अग्निगोल म्हणतात. आणि अग्निगोलातून जे काही न संपता जमिनीवर पोहोचते तो अशनी. संस्कृतात अशनी म्हणजे इंद्राचे वज्र, म्हणजेच वीज. हा शब्द आपल्या पूर्वजांनी विजेसाठी वापरला आणि आपण तो दगडासाठी वापरतो. या दोन गोष्टींची गल्लत पॅरिसच्या विद्वानांनीही एकदा केली होती. ती हकीगत पंचायत सदस्यांनी अवश्य ऐकावी.

फ्रान्समधील ल्यूसे या गावी १७६८ च्या सप्टेंबरमध्ये शेतात काम करणाऱ्या माणसांनी आकाशातून दगड पडताना पाहिला. दगड पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे गेला. तपासणाऱ्यांमध्ये लाव्हाझिये होते. आधुनिक रसायनशास्त्राचे जनक म्हणून त्यांची थोरवी निर्विवाद आहे. १७७२ मध्ये निष्कर्ष आला : दगड आकाशातून आलेला नाही, जमिनीवरच्याच दगडावर वीज पडली असावी. आकाशात दगड नाहीत, मग ते पडतील कोठून, असा तो विचार होता.

पुढे २४ जुलै १७९० रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात बार्बोताँ येथे रात्री मोठा अग्निगोल दिसला आणि दगडांचा वर्षाव झाला. तेथील एका गावच्या नगराध्यक्षांनी आपल्याकडील पंचनाम्यासारखाच एक दस्तऐवज तयार केला व त्यावर तीनशेहून अधिक माणसांनी सह्या केल्या. त्या काळच्या एका विज्ञानविषयक नियतकालिकाचे संपादक बेर्तोलाँ यांनी या कागदाची थट्टा केली. एखाद्या स्थानिक संस्थेने लोकांच्या भाकडकथेला अधिकृत प्रमाणपत्र द्यावे, याची त्यांना कीव आली. आज आपल्याला ठाऊक आहे की नगराध्यक्षांचा कागद खरा होता आणि संपादक चुकले होते.

जर्मनीतील क्लाडनी यांनी १७९४ मध्ये पुस्तक लिहून हे दगड अवकाशातूनच येतात असे प्रतिपादन केले. क्लाडनी हे नादशास्त्राचे अभ्यासक; पण त्यांचे शिक्षण कायद्याचे होते. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या काळांत, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी दिलेल्या साक्षी त्यांनी वकिलाच्या नजरेने वाचल्या आणि त्या इतक्या जुळतात त्या अर्थी साक्षीदार खोटे बोलत नसावेत, असा कौल दिला. मला स्वतःला, कलाशाखेच्या पदवीधराला, या गोष्टीने फार दिलासा मिळतो. एका वैज्ञानिक सत्याचा दरवाजा साक्षीपुराव्याच्या किल्लीने उघडला गेला!

याच सुमारास आपल्या देशातून एक दगड या वादात दाखल झाला. १९ डिसेंबर १७९८ रोजी संध्याकाळी बनारसजवळील क्राखूट गावाच्या परिसरात निरभ्र आकाशात अग्निगोल दिसला, गडगडाट झाला आणि दगड पडले. एक दगड एका राखणदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून आतल्या चोपलेल्या जमिनीत रुतला. जॉन लॉइड विल्यम्स यांनी हकीगत नोंदवून दगडांसह इंग्लंडला धाडली. लंडनमध्ये एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये बनारसचा दगड, यॉर्कशायरमध्ये १७९५ साली पडलेला दगड आणि इटली व बोहेमियातील दगड शेजारी शेजारी ठेवून त्यांचे रासायनिक पृथक्करण केले. चारही ठिकाणच्या दगडांत निकेलयुक्त लोखंडाचे कण निघाले. हजारो कोसांच्या अंतरावर पडलेले दगड जणू एकाच खाणीतले! राखणदाराच्या त्या झोपडीची आठवण मला काटोलच्या घराच्या छपराने करून दिली.

शेवटची शंका १८०३ मध्ये फिटली. त्या वर्षी २६ एप्रिलला नॉर्मंडीतील लेगल गावाजवळ दोन-तीन हजार दगड पडले. गृहमंत्री शाप्ताल यांनी चौकशीसाठी तरुण शास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बियो यांना पाठविले. बियो सरळ लेगलला गेले नाहीत; वाटेतल्या गावांत थांबत, गाडीवान, शेतकरी, धर्मगुरू, स्त्रिया अशा सर्वांना वेगवेगळे विचारीत गेले. दगड कोठे सापडले हे त्यांनी नकाशावर मांडले, तेव्हा सुमारे दहा किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद असा लंबगोल तयार झाला. त्या भागातील खाणी, भट्ट्यांतील कीट आणि लोकांकडील दगडांचे जुने संग्रहही त्यांनी तपासले. तसला दगड त्या दिवसापूर्वी कोणाकडेच नव्हता. शासनाने पाठविलेल्या एका माणसाचा हा दौरा मी तरी क्षेत्रीय चौकशीचा उत्तम वस्तुपाठ समजतो.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी एका जिल्ह्यात असताना एका खेड्यातील प्राथमिक शिक्षकांचे पत्र आले. रात्री मोठा उजेड पडला, काही वेळाने दोन धडाके झाले आणि सकाळी शाळेमागच्या शेतात एक काळा दगड मिळाला, असा मजकूर होता. आदल्या आठवड्यात तालुक्यात भलत्याच अफवा पसरल्या होत्या. त्याच ओघात मी दोन परिच्छेदांचे प्रसिद्धिपत्रक तयार केले : नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. खाली सही माझी. कोणालाही विचारले नाही, कोणाला पाठविले नाही. तीन आठवड्यांनी अन्य कामासाठी त्या गावी गेलो तेव्हा दोन पाऊस होऊन गेले होते. दगड मुलांनी फोडून वाटून घेतला होता, एक भाग कोणी तरी देव्हाऱ्यात ठेवून त्यावर तेल घातले होते, आणि उरला होता तो अंगठ्याएवढा गंजलेला तुकडा. तो अशनीचा होता की नव्हता हे आज कोणीही सांगू शकणार नाही.

शिक्षकांनी मला दोष दिला नाही. त्यांनी एक वही पुढे केली. दुसऱ्याच दिवशी वर्गातील प्रत्येक मुलाला त्यांनी तीन प्रश्न विचारले होते : तू कोठे उभा होतास, उजेड कोणत्या झाडावरून कोणत्या घराकडे गेला, आणि आवाज किती वेळाने आला. चौतीस मुलांची उत्तरे सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. बियोंनी जे केले तेच या माणसाने बियोंचे नाव न ऐकता केले होते; आणि मी बेर्तोलाँ ठरलो होतो.

या वहीसारख्या नोंदींना मोल असते याचा पुरावा आपल्या शेजारच्या राज्यात आहे. २८ जानेवारी १९७६ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास गुजरातमध्ये अग्निगोल दिसला आणि सुरेंद्रनगर जिल्ह्यातील धजाला गावाच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. सुमारे ४५ किलोग्रॅम वजनाचे तुकडे गोळा झाले. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा जवळ होती, शास्त्रज्ञ तातडीने कामाला लागले. पाहणाऱ्यांनी सांगितलेल्या दिशांवरून त्यांनी अग्निगोलाचा आकाशातील मार्ग आखला आणि त्यावरून तो दगड सूर्याभोवती कोणत्या कक्षेत फिरत होता याचे गणित मांडले. गावकऱ्यांच्या बोटांनी दाखविलेल्या दिशांवरून अवकाशातील कक्षा निघाली, हे पुन्हा सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

तातडी का हवी? अवकाशात असताना दगडावर विश्वकिरणांचा मारा होतो आणि त्यात निरनिराळी किरणोत्सर्गी द्रव्ये तयार होतात. दगड पृथ्वीवर आला की हा मारा थांबतो व ती द्रव्ये आपापल्या गतीने ओसरू लागतात. सोडियमचा एक प्रकार पंधरा तासांत निम्मा होतो, व्हॅनेडियमचा एक सोळा दिवसांत, तर सोडियमच्याच दुसऱ्या एका प्रकाराला अडीच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. ही एक घड्याळांची मालिका आहे आणि त्यांतील काही घड्याळे आठवड्याभरात बंद पडतात. पडताना पाहिलेला आणि लगेच उचललेला दगड म्हणूनच मोलाचा. त्याखेरीज लोखंडाच्या कणांना ओल लागली की गंज चढतो. जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे ६ जून २०१७ च्या पहाटे शेतात पडलेला अशनी कार्बनयुक्त, ठिसूळ जातीचा होता. तसला दगड एका चांगल्या पावसात चिखल होऊन जाऊ शकतो.

काटोलचा दगड त्या मानाने कठीण. त्याची जात सामान्य कॉन्ड्राइट, गट एल ६. कॉन्ड्राइट हे दगडी अशनींचे सर्वांत मोठे कुळ. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी सूर्यमाला घडताना तयार झालेल्या बारीक गोलिका त्यांत असतात. एल म्हणजे लोखंडाचे प्रमाण कमी असलेला गट, आणि सहा हा आकडा सांगतो की आपल्या मूळ लघुग्रहाच्या पोटात हा दगड इतका भाजून निघाला की गोलिकांच्या कडा जवळजवळ पुसल्या गेल्या. अशा जातीचे अशनी जगात पुष्कळ आहेत. पण काटोलच्या दगडात बारीक काळ्या शिरा आहेत. कधी काळी अवकाशात लघुग्रहांची टक्कर झाली, क्षणभर प्रचंड दाब आला आणि त्या शिरांतील खनिज वितळून पुन्हा गोठले. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांसह या शिरा तपासल्या आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडले होते.

ब्रिजमनाइट म्हणजे काय, हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे. पृथ्वीच्या पोटात सहाशे साठ किलोमीटरहून खोल जो प्रावरणाचा खालचा थर आहे, तो मुख्यतः या खनिजाचा बनलेला आहे असे मानतात. म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीतील सर्वांत विपुल खनिज हेच. तरीही तेथवर कोणतीही विंधण विहीर पोहोचत नाही आणि वर येताना ते टिकत नाही. १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम अशनीतील नमुन्यावरून २०१४ मध्ये त्याला हे नाव मिळाले. काटोलच्या दगडातील ब्रिजमनाइटची घडण पृथ्वीच्या खोल थरात अपेक्षित असलेल्या घडणीशी अतिशय जवळची निघाली. पृथ्वीचे अंतरंग जाणून घ्यायला वरून, आकाशातून आलेला दगड उपयोगी पडला! तो दगड त्या दिवशी कोणी उकिरड्यावर टाकला असता तर?

येथे कोणी विचारतील, लोणारचे काय? लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवरही आघातानेच झाले आहे. मात्र तेथे मूळ अशनी मिळत नाही. फार मोठा पिंड वातावरणाने अडत नाही. तो पूर्ण वेगाने आदळतो आणि त्याचा बहुतांश भाग वितळून व वाफ होऊन जातो. काटोल, धजाला येथे आलेले लहान दगड हवेतच आपला वेग गमावतात आणि शेवटचे वीस-एक किलोमीटर एखाद्या उंचावरून सोडलेल्या दगडासारखे, ताशी दोन-तीनशे किलोमीटर वेगाने, न उजळता खाली येतात. म्हणून ते जमिनीत फार तर वीतभर रुततात. ते लालबुंदही नसतात आणि गवत पेटवीत नाहीत. दगड निखाऱ्यासारखा धगधगत होता असे कोणी सांगितले तर ते लिहून घ्यावे, पण शंका ठेवावी.

खोट्या अशनींची संख्या खऱ्यांपेक्षा शेकडो पटींनी अधिक असते, हेही सांगितले पाहिजे. लोहाराच्या भट्टीतील कीट, डांबराचा गोळा, घासून गुळगुळीत झालेला काळा बेसाल्ट, असे अनेक नमुने माझ्यासमोर मोठ्या श्रद्धेने ठेवले गेले आहेत. ताज्या दगडी अशनीवर मिलिमीटरभर जाडीची काळी, बहुधा निस्तेज साल असते. जेथे टवका उडालेला असतो तेथे आत राखाडी दगड व त्यात चमकणारे धातूचे ठिपके दिसतात. पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे असू शकतात. कीट मात्र स्पंजासारखे छिद्रमय असते, आणि अशनीला छिद्रे जवळजवळ नसतातच. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भावरून प्रकाशाच्या लांब रेषा सरकत गेल्या व चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे आणि गोळे पडले, ते आपणांस आठवत असेल. ते अशनी नव्हते. चीनच्या लाँग मार्च अग्निबाणाचा तो अवशेष असावा असे अभ्यासकांचे मत पडले. कृत्रिम वस्तू आकाशातून सावकाश, मिनिटभर सरकत जाते. अग्निगोल काही सेकंदांत संपतो. त्या रात्री ज्यांनी सेकंद मोजले असतील त्यांना हा भेद तेथल्या तेथेच कळला असता. अशा धातूच्या वस्तूंना हात लावू नये, त्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो, पोलिसांना कळवावे.

तर मग पंचनाम्यात काय असावे? पाहणाऱ्याची जागा सर्वांत आधी. तो जेथे उभा होता तेथे त्याला पुन्हा उभे करावे आणि हात लांब करून दाखवायला सांगावे : उजेड येथे सुरू झाला, येथे विझला. लिंबाचे झाड, देवळाचा कळस, पाण्याची टाकी या खुणा लिहाव्यात. उंचीसाठी मूठ वापरावी. हात ताठ धरून आवळलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते, म्हणून क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत नऊ मुठी होतात. मग वेळ, आणि उजेड व आवाज यांमधील अंतर. आवाजाला किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात, त्यामुळे दोन मिनिटांनी आलेला धडाका चाळीस किलोमीटर अंतर सांगतो. अग्निगोल पलीकडच्या टेकडीमागेच पडला असे प्रत्येकाला वाटते; तो बहुधा शंभर किलोमीटर दूर असतो. म्हणून पडला कोठे हा अंदाज विचारण्यापेक्षा दिशा विचारावी. साक्षीदारांना एकत्र बसवू नये. चारचौघांत पहिल्याने सांगितले की बाकीच्यांना तसेच आठवू लागते, हा अनुभव आपणां सर्वांना आहे.

दगड मिळाला तर उचलण्यापूर्वी जागेवरच छायाचित्र काढावे, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून. धुऊ नये, फोडू नये, घासू नये. त्याला लोहचुंबक लावू नये; चुंबक लावला की दगडात साठलेली कोट्यवधी वर्षांची चुंबकीय खूण पुसली जाते. स्वच्छ हाताने, शक्यतो स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा. गावकऱ्यांनी त्याला नमस्कार केला तर त्यात वावगे काही नाही, फक्त तेल, पाणी आणि कुंकू दूर ठेवण्याची विनंती करावी. मी पाहिले आहे की वडीलधाऱ्या माणसांना कारण नीट समजावून दिले की ती ऐकतात. वजन करावे, ज्यांना मिळाला त्यांचे नाव कागदावर घ्यावे, तहसीलदारांना कळवावे व त्यांच्यामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला. देशातील अशनींचा राष्ट्रीय संग्रह याच विभागाकडे, कोलकात्यात आहे, आणि नागपूरला त्यांचे मोठे कार्यालय आहे. दगडाचे व्यापारी लवकर पोहोचतात, हे लक्षात असू द्यावे. तुकडा विकला गेला की तो कोठे पडला होता याची नोंदही बहुधा त्याच्याबरोबर जाते.

आणखी एक गोष्ट सरपंचांना आवडेल. अशनीला शास्त्रज्ञाचे नाव देत नाहीत. जेथे सापडला त्या जागेचे देतात. अकोला जिल्ह्यातील अंदुरा हे नाव १९३९ च्या अशनीमुळे जागतिक यादीत आहे. धजाला आहे, काटोल आहे.

त्या शिक्षकांच्या वहीत त्यांनी आखलेले रकाने मी जसेच्या तसे घेतले आहेत, त्यात फक्त वजन आणि छायाचित्राचा रकाना वाढविला आहे. एका पानाच्या त्या नमुन्याच्या प्रती दाराजवळील टेबलावर ठेवल्या आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीसाठी एक आणि प्रत्येक शाळेसाठी एक अशी मोजून आणली आहे; जाताना सही करून घेऊन जावी. आता आपल्या शंका विचाराव्यात.